उघड्या रंगभूमीची परिभाषा : प्रस्तावना

कोणत्याही कलेची परिभाषा ही विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी निर्माण झालेली नसते. अनेक माणसांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकच काम चोखपणे पार पाडावयाचे असताना परस्परांत घोटाळा होऊ नये, या व्यावहारिक गरजेतून ती जन्मास येते. नाटक ही तर अशी कला आहे की, कवी, नट, गायक, वादक, सुतार, शिंपी, रंगारी आणि दिवाबत्ती सांभाळणारा, या सर्वांचे हात तिच्यात एका क्षणी एकवटावे लागतात. ज्या रात्री पडदा ओढणाऱ्यास अंक आणि प्रवेश यांतील भेद ठाऊक नसतो, त्या रात्री नायिकेचे स्वगत अर्ध्यावर तुटते. आणि रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाची उजवी बाजू, हा सर्वमान्य संकेत ज्या मंडळीस तालमीत कोणी सांगितलेला नसतो, त्या मंडळीची दोन पात्रे ऐन प्रयोगात एकाच विंगेत समोरासमोर येतात. म्हणून नाट्यसंज्ञांचा परिचय हा शिक्षणक्रमातील एक रुक्ष भाग नसून प्रयोगाच्या सिद्धतेचा पाया आहे, असे मी मानतो, आणि त्याच श्रद्धेने ही पुस्तिका वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली आहे, ते लोक महानगरांतील नाट्यगृहांत वावरणारे नव्हेत. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले दुसरबीड आणि त्याच्या आसपासची गावे ही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अशा गावांत नाटक होते ते शाळेच्या पटांगणात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात; त्यासाठी बल्ल्या, तट्ट्या, ताडपत्री आणि सतरंज्या यांची तजवीज लोकवर्गणीतून होते; आणि कापसाच्या वेचणीतून व ज्वारीच्या खळ्यातून हात मोकळे झालेली माणसेच त्यात नट होतात आणि प्रेक्षकही होतात. या मुलुखाला नाट्यधर्म अपरिचित नाही. गोंधळ, भारूड, दंडार आणि खडी गंमत यांनी विदर्भाची रात्र पिढ्यान्‌पिढ्या जागविली आहे. आणि जवळच्याच देऊळगाव राजा येथे बालाजीच्या आश्विनातील उत्सवात लाटा म्हणजे उंच लाकडी खांब दोरखंडांनी उभे करून त्यांवर मंडप चढविण्याचा जो सोहळा शेकडो हातांच्या एकदिलाने पार पडतो, तो पाहिलेल्या माणसास रंगमंच-उभारणीचे शास्त्र परके वाटण्याचे काही कारण नाही. अभाव आहे तो कौशल्याचा नव्हे. आपण करतो त्या कामाला नाव आहे, त्या नावामागे परंपरा आहे आणि त्या परंपरेत आपल्या अडचणींची उत्तरे आहेत, या जाणिवेचा अभाव आहे.

मराठी रंगभूमीवर आज ज्या संज्ञा रूढ आहेत, त्या तीन वाटांनी आपल्याकडे आल्या. पहिली वाट लोकनाट्याची. कर्नाटकातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाल्यानंतर तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकात सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदे गाऊन कथा पुढे नेत, विदूषक हसवून मंडळींना सावध करी, गणपती आणि सरस्वती यांचे आगमन होई, आणि पात्रे प्रसंगानुरूप भाषणे स्वतःच रचून बोलत. दुसरी वाट संस्कृत नाट्यशास्त्राची. नांदी, प्रस्तावना, नेपथ्य, स्वगत, जनांतिक, भरतवाक्य हे शब्द तिने दिले. आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने ही वाट मराठी प्रेक्षकांच्या अंतःकरणापर्यंत नेऊन भिडविली. तिसरी वाट पारशी आणि इंग्रजी नाटकमंडळ्यांची. रंगविलेले पडदे, विंगा, फ्लॅट, प्रॉम्प्टर, मेकअप आणि घंटा हे सारे तिच्यामागून आले. कपडेपट, रंगपट, तालीम आणि रंगीत तालीम हे नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांत मुरलेले शब्द या तिन्ही वाटांच्या संगमावर उभे आहेत. या पुस्तिकेत मी तिन्ही प्रकारच्या संज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि जो शब्द नटांच्या तोंडी आहे तोच प्रमाण मानला आहे. विंगेला विंग म्हणणाऱ्यास संस्कृत प्रतिशब्द घोकावयास लावण्यात मला कोणताही लाभ दिसत नाही.

तिसऱ्या वाटेने आलेल्या रंगमंचाचे एक लक्षण मात्र आपण नीट ओळखले पाहिजे. तो रंगमंच म्हणजे एका बाजूने उघडी असलेली पेटी होय. प्रेक्षक समोर, दर्शनी पडदा मध्ये, आणि प्रकाश नटांवर एकवटलेला. ही रचना बंदिस्त इमारतीसाठी जन्मास आली आणि बंदिस्त इमारतीतच ती शोभते. आपल्या गावांनी तिचे अनुकरण आरंभिले, तेव्हा उघड्या मैदानात पडद्याची चौकट उभी राहिली. परंतु वाऱ्याने पडदा फुगतो, कडेला बसलेल्या अर्ध्या लोकांस विंगेतील मंडळी दिसतात, आणि नटाचा आवाज मागल्या रांगेपर्यंत पोहोचत नाही म्हणून ध्वनिक्षेपकापुढे खिळून उभे राहण्यात त्याचा अभिनय निघून जातो. या दोषांचे खापर गावकऱ्यांच्या गरिबीवर फोडण्याची रीत आहे. माझ्या मते दोष गरिबीचा नसून नमुन्याच्या निवडीचा आहे. कारण उघड्या आकाशाखाली, हजारो लोकांपुढे, तीन बाजूंनी वेढलेल्या जागेत नाटक कसे करावे, या प्रश्नाचा विचार जगातील ज्या समाजाने सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर केला, त्या प्राचीन ग्रीक समाजाकडे आपण पाहिलेच नाही.

अथेन्स नगरात वसंत ऋतूत डायोनिसस या देवतेचा महोत्सव भरे आणि त्यात नाटकांची स्पर्धा होई. इसवी सनापूर्वी ५३४ या वर्षी थेस्पिस याने गायकवृंदापासून वेगळे उभे राहून त्या वृंदाशी संवाद केला आणि तोच पहिला नट होय, असे परंपरा सांगते. पुढे एस्किलसने दुसरा नट आणला, आणि सोफोक्लीजने तिसरा नट व रंगविलेले देखावे आणले, असे अ‍ॅरिस्टॉटल नमूद करतो. ही नाटके देवतेच्या उत्सवाचे अंग होती आणि त्यांची व्यवस्था राज्यकारभाराचे अंग होती. आर्कॉन हा अधिकारी कवींची निवड करी आणि एकेका सधन नागरिकावर एकेका वृंदाच्या तालमीचा व पोशाखाचा खर्च सोपवी. तो नागरिक कोरेगस म्हणून ओळखला जाई आणि विजय मिळाल्यास कवीच्या बरोबरीने त्याचाही सन्मान होई. निकालासाठी पंच नेमले जात ते चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणाच्या वशिल्यास वाव राहू नये. ज्या गावात यात्रेचा खर्च कोणी उचलावा यावर दरवर्षी बैठक बसते, त्या गावास ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडू नये.

त्या रंगभूमीचे भाग तीन. डोंगराच्या उतारावर अर्धवर्तुळाकार पायऱ्यांवर प्रेक्षक बसत, तो भाग थिएट्रॉन. पायथ्याशी वृंदाच्या नृत्यगायनासाठी सपाट केलेली जमीन, ती ऑर्केस्ट्रा. आणि तिच्यामागे नटांना वेश बदलण्यासाठी उभारलेली राहुटी किंवा खोपटे, ते स्केने. या राहुटीची पुढली बाजू हळूहळू राजवाड्याचे दार म्हणून उपयोगात येऊ लागली. इसवी सनापूर्वी ४७२ मधील एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकास अशा इमारतीवाचून काही अडत नाही. ४५८ मधील ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत मात्र त्या दारातच साऱ्या कथेचे भय साठलेले आहे. ऑर्केस्ट्राच्या दोन्ही अंगांनी वृंदाच्या येण्याजाण्याच्या वाटा असत, त्यांस पॅरोडॉस म्हणत. एपिडॉरस येथील इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील प्रेक्षागार आजही उभे असून त्यात सुमारे १४,००० माणसे बसू शकतात. डोंगराच्या कुशीत सुपासारखा पसरलेला तो पायऱ्यांचा उतार नटाचा शब्द वरच्या रांगांपर्यंत पोहोचवितो. मंच उंच करण्यापेक्षा प्रेक्षकांना उतारावर बसविणे, हा त्या स्थापत्याचा पहिला धडा आहे. आपल्या भागातील टेकड्यांचे आणि नाल्याकाठच्या बरडांचे उतार पाहता, तो गिरविण्यास फावड्यापलीकडे फारशा सरंजामाची गरज नाही.

यंत्रे दोनच, पण विचारपूर्वक योजलेली. राजवाड्याच्या आत घडलेली हत्या प्रेक्षकांपुढे प्रत्यक्ष न दाखविता, तिचा परिणाम म्हणजे मृतदेह चाकांच्या मंचकावरून दारातून बाहेर आणीत. तो मंचक एक्किक्लेमा. आणि देवतेस आकाशातून उतरविण्यासाठी ओंडक्याची यारी असे, ती मेखने. नाटकाचा गुंता कथेतूनच न सुटता यारीवरून उतरलेल्या देवतेने सोडवावा, हे अ‍ॅरिस्टॉटलला मान्य नव्हते, आणि या संदर्भात त्याने युरिपिडीजच्या ‘मिडिया’च्या शेवटास नाव घेऊन दोष दिला आहे. आजही एखाद्या नाटकाच्या शेवटी अकस्मात कोणी श्रीमंत मामा किंवा हरवलेला भाऊ येऊन सर्वांची दुःखे दूर करतो, तेव्हा हाच दोष घडलेला असतो. त्याला नाव आहे हे लेखकास ठाऊक असेल, तर तो दोष टाळण्याची शक्यता वाढते.

नट सारे पुरुष, संख्येने तीन, आणि मुखवटे धारण केलेले. म्हणून एकाच नटास दोन-तीन भूमिका करता येत. मुख्य नट तो प्रोटॅगॉनिस्ट. परंतु ग्रीक नाटकाचा प्राण म्हणजे वृंद, कोरस. शोकनाट्यात प्रथम बारा आणि सोफोक्लीजपासून पंधरा, सुखात्म नाटकात चोवीस, असे हे गायक-नर्तक नगरातील वृद्धांच्या, बंदिवान स्त्रियांच्या किंवा खलाशांच्या रूपाने सर्वकाळ प्रेक्षकांपुढे राहत. ते राजाला सल्ला देत, त्याच्यासाठी भिऊन प्रार्थना करीत आणि घडलेल्या घटनेचा अर्थ गाण्यातून लावीत. नटांची बोली अथेन्सची. वृंदाच्या गीतांना मात्र डोरिक बोलीची छटा असे. पोवाड्यातील झीलकरी आणि भारुडातील साथीदार हे याच कुळातले आहेत, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेलांनी जी माणसांची भिंत उभी केली, तिने गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि क्षणात दुसरेच रूप घेणाऱ्या समूहाचे सामर्थ्य आधुनिक मराठी प्रेक्षकास पटवून दिले.

भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ या सर्वांशी कोठे जुळते आणि कोठे वेगळे होते, हेही वाचकाने ध्यानी घ्यावे. भरताचे नाट्यगृह आच्छादित आणि गुहेसारखे, आवाज घुमावा म्हणून वाऱ्यापासून राखलेले. मनुष्यांसाठी त्याने चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम गृह सांगितले. कारण याहून मोठ्या गृहात नटाचा उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात. या गृहाचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. उरलेल्या अर्ध्यात नेपथ्यगृह, रंगशीर्ष आणि रंगपीठ. ग्रीकांनी हजारोंस सामावून घेण्यासाठी मुखवटा आणि वृंद योजला, भरताने डोळ्यांचा आणि भुवयांचा अभिनय दिसावा म्हणून प्रेक्षकसंख्याच मर्यादित केली. आपल्या गावच्या प्रयोगापुढे तीनशे माणसे बसणार की तीन हजार, याचा हिशेब आधी करून मग अभिनयाची रीत ठरवावी, हा दोन्ही परंपरांचा एकमुखी उपदेश आहे. एका बाबतीत तर दोघांचे विलक्षण साम्य आहे. युद्ध, वध, नगराचा वेढा हे प्रत्यक्ष दाखवू नये, ते सांगावे, असे भरतपरंपरा म्हणते. त्यासाठी विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार असे पाच अर्थोपक्षेपक तिने दिले, ज्यांतील चूलिका म्हणजे पडद्याआडून आलेली वार्ता. ग्रीकांकडे हेच कार्य दूत करतो. सोफोक्लीजच्या नाटकात ईडिपस आपले डोळे फोडून घेतो, ते प्रेक्षक पाहत नाहीत. राजवाड्यातून धावत आलेल्या सेवकाच्या मुखातून ते ऐकतात, आणि ऐकल्यामुळेच अधिक हादरतात. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने हे नाटक मराठीत आणलेले असल्यामुळे, हा अनुभव मूळ भाषा न जाणणाऱ्यासही घेता येतो.

नाटकाच्या रचनेविषयीच्या संज्ञा अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तून आल्या आहेत. कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य ही शोकांतिकेची सहा अंगे सांगून त्याने कथानकास अग्रस्थान दिले आणि दृश्यास सर्वांत शेवटी बसविले; पडद्यांवर आणि पोशाखांवर वर्गणीचा मोठा हिस्सा खर्ची घालून संहितेच्या निवडीस एक संध्याकाळही न देणाऱ्या मंडळांनी हा क्रम लिहून ठेवावा. त्याच्या आणखी तीन संज्ञा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वरून स्पष्ट होतात. गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातीलच सावनेर येथे देह ठेवला, आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर दुष्ट नाही. तो बुद्धिमान, मानी वकील आहे, आणि कचेरीतील अपमानाने व सनद रद्द झाल्याने विद्ध झालेले त्याचे मन तळीरामाने पुढे केलेल्या प्याल्यास बळी पडते. गुणी माणसाच्या हातून घडणारा हा घातक प्रमाद म्हणजे हमार्टिया. प्रतिष्ठेच्या शिखरावरून विनाशाकडे फिरणारे दैवाचे चक्र म्हणजे पेरिपेटिया. आणि आपल्याच हाताने आपले घर उद्ध्वस्त झाले, हे त्यास कळून चुकणे म्हणजे अनॅग्नोरिसिस. प्रेक्षकाच्या ठायी करुणा आणि भय जागवून त्या भावनांचे जे शोधन होते, त्यास कॅथार्सिस म्हणतात, आणि त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत आजही एकवाक्यता नाही. गोविंद विनायक करंदीकर यांनी ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत समजावून दिले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे.

आता या साऱ्याचा आपल्या भूमीवर विनियोग कसा व्हावा, ते एका उदाहरणाने दाखवितो. सिंदखेडचे लखुजीराव जाधव १६२९ साली निजामशहाच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेले असता देवगिरीवर दग्याने, पुत्र व नातू यांच्यासह, मारले गेले. आणि पुढल्याच वर्षी शिवनेरीवर त्यांची कन्या जिजाऊ हिच्या पोटी शिवाजीराजांचा जन्म झाला. या विषयावर नाटक करावयाचे, तर प्रचलित रीतीप्रमाणे दरबाराचा रंगीत पडदा भाड्याने आणावा लागेल, चाळीस पोशाख लागतील, आणि पत्र्याच्या तलवारींच्या चकमकीत त्या थोर मृत्यूचे गांभीर्य हरपेल. ग्रीक रीत वेगळी आहे. नाटक देवगिरीवर घडवू नये, सिंदखेडच्या वाड्याच्या दारात घडवावे. मागे एक दार, पुढे मोकळी जमीन, दोन बाजूंना दोन वाटा. वृंद म्हणजे सिंदखेडची वृद्ध रयत, आणि तिची भाषा वऱ्हाडी, कारण राजकुलाच्या बोलण्याहून तिचे गाणे वेगळ्या सुरात उमटले पाहिजे. लखुजीरावांच्या पत्नी म्हाळसाबाई दारात उभ्या. देवगिरीच्या वाटेने एक स्वार येतो आणि जे पाहिले ते सांगतो. तीन नट, पंधरा गाणारे, एक दार आणि एक दूत, एवढ्यावर ते नाटक उभे राहील. ज्या मातीतील घराण्यावर तो आघात झाला, तिच्यातील माणसांनी तिच्याच बोलीत ते सादर केले, तर ते कोणत्याही नगरीच्या नाट्यगृहात पाहिलेल्या ऐतिहासिक नाटकापेक्षा सत्याच्या अधिक निकट जाईल, अशी माझी खात्री आहे.

या पुस्तिकेची मांडणी या दृष्टीनेच केली आहे. पहिल्या विभागात स्थळाच्या संज्ञा आहेत, दुसऱ्यात नटाच्या आणि हालचालींच्या, तिसऱ्यात प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा आणि हातसामानाच्या, आणि चौथ्यात नाट्यरचनेच्या. प्रत्येक संज्ञेखाली ग्रीक, भरतप्रणीत आणि मराठी प्रयोगातील अर्थ क्रमाने दिला असून, उघड्या जागेत तिचा उपयोग कसा करावा हे शेवटी सांगितले आहे. शिक्षकांनी ती पाठांतरासाठी वापरू नये. मुलांना पटांगणात नेऊन, चुन्याच्या रेषांनी ऑर्केस्ट्रा आणि रंगपीठ आखून, त्या रेषांवर उभे करून ती शिकवावी. मंडळांच्या कारभाऱ्यांनी नाटक ठरविण्यापूर्वी जागा पाहावी, जागा पाहिल्यावर प्रेक्षक मोजावेत, आणि मगच संहिता हाती घ्यावी.

वाचकांस माझी विनंती एवढीच की, येत्या उत्सवात एक तरी नाटक त्यांनी दर्शनी पडद्यावाचून, गावच्या उतारावर प्रेक्षक बसवून, गावच्या बोलीत गाणाऱ्या वृंदासह करून पाहावे; आणि ते करताना आपल्या भागातील जुन्या सोंगाड्यांच्या, झीलकऱ्यांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडचे जे शब्द या पुस्तिकेत आलेले नाहीत, ते टिपून ठेवावेत, म्हणजे पुढील आवृत्ती अधिक परिपूर्ण करता येईल.

दुसरबीड, जिल्हा बुलढाणा